लाखेची खुट्टी

माय, ताईच्या गाडीचा मागचा आवाज बंद झाला. तुला हे कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहून राह्यलो. खरं तर तुला गाडीच माहीत नाही. तू गेलीस त्याला सहा वर्षं झाली आणि ताईनं जुनी पिकअप घेतली ती मागच्या वर्षी दिवाळीआधी, तेव्हा तिचा आवाज तरी तुला कुठून माहीत असणार. पण काम संपलं, रॉकेलनं हात धुतले, आणि पहिला विचार हाच आला की हे मायला सांगितलं पाहिजे. तो विचार अजून जात नाही. म्हणून दुपारच्या सुट्टीत गॅरेजच्या पायरीवर बसून लिहितो. मी दोन वर्षांपासून हिमाचलात आहे, सफरचंदाच्या मुलखात. सुरत झालं, हैदराबाद झालं, गोव्यात मासळीच्या बोटीवर चार महिने झाले, आणि आता हा डोंगर. तू म्हणायची याच्या पायात भिंगरी हाय, ती अजून आहे. लिहायचं म्हटलं की हात शाळेतल्या मराठीकडे जातो, पण शाळा सातवीतच सुटली, त्यामुळं मधे मधे घरची बोली घुसणार. घुसू दे. तुला तर तीच समजते.

इथी सगळा माल पिकअपनं खाली उतरतो आणि उतारावर गाड्यांचे गोळे फार जातात. गोळा म्हणजे काय ते सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध, खालून पाहिलं तर लोखंडाचा हंडा दिसतो. त्याच्या आत दातांची चाकं असतात, एक मोठं ताटाएवढं आणि त्याला घासून फिरणारं एक लहान. इंजिनाचं फिरणं तिथं वळतं आणि चाकांना जातं. त्यात तेल असतं. तेल आहे तोवर सगळं गुपचूप चालतं. मी तेच गोळे उघडतो, धुतो, बेरिंग ठोकतो. पण शेवटी दात दाताला जुळवायचं काम आमचा उस्ताद करतो, मी बाजूला उभा राहून पाना देतो. हे घरी कोणाला सांगितलं नव्हतं. घरी सगळ्यांना वाटते मी मोठा मिस्त्री झालो.

या वर्षी मंडईच्या जत्रेसाठी ताईच्या गावी गेलो. वडशाच्या स्टेशनबाहेर पिशवी घेऊन उभा आहे, ताई न्यायला येणार आहे. आणि गाडी दिसायच्या आधी गाडी ऐकू येते. वळणाच्या पलीकडून असा लांब हेल, जसं कोणी रिकाम्या टाकीत तोंड घालून गाऊन राह्यलं. चहावाला कप विसळता विसळता म्हणाला, "आली आरमोरीकडची बाई." म्हणजे आवाज साऱ्या रस्त्याच्या ओळखीचा झाला होता. ताई स्टेअरिंगवर, डोक्याला रुमाल बांधून. भाऊजी डाव्या बाजूला, मांडीवर वांग्यांची थैली. मागच्या वर्षी हे उलटं होतं.

"भाऊजी, कंडक्टर कवापासून झाले?" मी विचारलं.

"सहा महिने झाले," उत्तर ताईनं दिलं. "ह्याईनं गोळा खाल्ला गाडीचा. मिस्त्रीनं सांगतलं, चालवनारा क्लच धपकन सोडते, झटके देते, म्हनून गेला. तवापासून चाबी माह्यापाशी."

चाबी खरंच तिच्या कमरेला होती, लुगड्याच्या काष्ट्यात तू पानसुपारीची चंची खोचायचीस त्याच जागी. भाऊजी थैली सरळ करत म्हणाले, "पाह्य बाबू. बारा वर्स लोकाईचा ट्रॅक्टर चालवला, त्याचा नाई गेला गोळा."

"ट्रॅक्टरले तोंड असतं तं त्यानंबी सांगतलं असतं," ताई म्हणाली.

तुला माहीत आहे मी तोंडाचा किती आगाऊ. वडशापासून गावापर्यंत भाऊजींना सोडलं नाही. भाऊजी, तिकीट फाडा. भाऊजी, पुढचा स्टॉप कोणता. रस्त्यात ओळखीचा एक जण सायकलवर भेटला, त्यानंही विचारलं, "काय भाऊ, बाईनं बसू देल्लं का समोर?" भाऊजी सगळ्यांना हसून उत्तर देत होते. पण मी मधे कोंबून बसलो होतो म्हणून मला एक दिसलं. ताई गिअर बदलायची तेव्हा भाऊजींचा डावा हात थैलीखाली आपोआप हलायचा, आणि पाय खाली क्लच शोधायचा, जिथं क्लच नव्हता. दर वेळी. पस्तीस गावांत त्या माणसाला ड्रायव्हर म्हणून ओळखतात, बाकी त्याच्याजवळ मिरवायला दुसरं काही नाही.

मंडई तीन दिवसांवर होती. तुझ्या वेळची मंडई आठवते ना, धान निघालं की गावोगाव पाहुणे, जिलेब्या, ऊस, नाटक, सोयरिकी. आता त्या पाहुण्यांना रपट्याच्या, नदीवरच्या बुटक्या पुलाच्या, पलीकडून आणायचं काम ताईच्या गाडीला असतं. मिस्त्री म्हणाला होता की सगळा हंडाच बदला, आणि तो नागपूरहून यायला पंधरा दिवस. चहा पिता पिता मी म्हटलं, मी उघडतो.

ताईनं माझ्याकडं पाहिलं, मग अंगणात पाहिलं. अंगणात न्हाणीची भिंत आहे. तीन वर्षांपूर्वी मी बांधायला घेतली होती, ती कमरेएवढी झाली आणि मला सुरतेहून फोन आला. ती अजून कमरेएवढीच आहे. ताई बसूनच आंघोळ करते.

"उघडशीन," ताई म्हणाली. "मले मालूम हाय तू उघडशीन. उघडन्यात तुहा हात कोनी धरत नाई. बंद कोन करन?"

हे तुझंच बोलणं आहे, तिनं तुझ्याकडून उचललं. भिंतीसमोर बसून कोण बोलणार.

दोन रात्रींचा प्रवास झाला होता तरी लगेच गाडी घेऊन निघालो. ताईला चालवायला लावलं आणि मी मागं, माल भरायच्या उघड्या डाल्यात, पोटावर झोपून. उजव्या कानाला बांबूचा एक दांडा, त्याचं दुसरं टोक डाल्याच्या पत्र्यावर, बरोबर गोळ्याच्या वर. शेतात कापणीच्या बाया उभ्या राहून पाहत होत्या. आणि तिथं झोपल्या झोपल्या मला तुझी राईस मिल आठवली. मी सावली गावच्या शाळेतून पळून आलो होतो. तू नरसाळ्यात धान ओतत होतीस, सगळ्या अंगावर कोंडा, पापण्यांवरसुद्धा. मशीन कुरकुरत होती आणि मालकाचा मिस्त्री तिच्याभोवती फिरून फिरून कान लावत होता, इथून येते का, तिथून येते का. तू बराच वेळ पाहिलं. मग मला रागावायचं सोडून माझा हात धरला आणि लाकडाच्या खांबावर ठेवला. म्हणाली, "आवाज कुठून येते ते नोको पाहू. सारी मशीनच वाजते. कवा येते ते पाह्य." धान पडलं की खांब थरथरायचा, नरसाळं बंद केलं की शांत व्हायचा. तू मिस्त्रीला सांगितलं, रिकाम्यात वाजत नाई जी, घास घेतला की वाजते, रोलर पाहा. रोलरच निघाला. मिस्त्री तुझ्यावर चिडला. तू पुन्हा पाटी उचलली, आणि संध्याकाळी शाळेच्या पळण्याबद्दल दोन थापडा मिळाल्या त्या वेगळ्या.

तर मी पाहत गेलो, कवा येते. डांबरावर आहे. खाली नदीच्या वाटेनं रेतीत उतरवली, तिथंही तोच हेल, तसाच. म्हणजे टायर नाही, टायरचा आवाज जमिनीप्रमाणं बदलतो. ताईला ओरडून सांगितलं डावीकडं घे, उजवीकडं घे. वळणावर वाढत नाही, कमी होत नाही. म्हणजे चाकांची बेरिंगं नाही. मग म्हटलं, चाळीसवर ने आणि दाबून ठेव. गाडी ओढायला लागली की दांड्यातून असं कळवळणं आलं की कान मागं घेतला. आता पाय काढ. पाय काढला की आवाज खाली उतरला, घरघर राहिली. घास घेतला की वाजते. दात ओढतात तेव्हा लहान चाक आपल्या जागेवर घट्ट राहत नाही, हलते. म्हणजे पुढची बेरिंग गेली. डाल्यातच उठून बसलो आणि इतका हसलो की ताईनं आरशातून विचारलं, काय झालं. काही झालं नव्हतं. ऐकू आलं होतं.

घरी येऊन मागचा भाग जॅकवर चढवला, खाली दगड रचले. मी आणि भाऊजी पाठीवर झोपून आत सरकलो. भाऊजींनी मोबाईलचा उजेड धरला. बाजूचं बूच काढून बोट घातलं तर तेल बोटाला लागलंच नाही, तळाशी काय ते काळं उरलं होतं आणि त्यात चांदीसारखा चुरा. तेल गेलं कुठं? समोरच्या तोंडाशी, तेल अडवणाऱ्या रबरी सीलमधून ओघळ आला होता, धूळ खाऊन वाळलेला. सील बाहेर ढकललेलं. सील असं ढकललं जाते ते आतून जोर आला तर. आतून जोर कसा येईल? हंड्याच्या डोक्यावर एक बारीक भोक असते, हवा जायला यायला. गाडी चालली की तेल तापते, आतली हवा फुगते, ती तिथून निघून जाते. मी हात वर घातला. भोकाच्या जागी बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. धरून पिळलं, ओढलं, आणि भोकातून करपलेल्या तेलाचा वास माझ्या तोंडावर आला.

हातात बांबूची खुट्टी होती, करंगळीएवढी, आणि तिच्याभोवती लाख. विळ्याची मूठ बसवतात तशी पक्की बसवलेली. लाखेवर एक अंगठा उमटलेला. माय, तो अंगठा माझा होता.

मागच्या वर्षी गाडी नवी नवी घरी आली तेव्हा त्या भोकाची टोपी पडलेली होती. मी खालून पाहिलं आणि म्हटलं, अरे, रपट्यावर पाणी असते, इथून आत जाईल. ताईच्या आढ्यावर पळसाची लाख होती, विळे बसवायला ठेवलेली. चुलीवर गरम केली, बांबू तासला, ठोकला, वरून अंगठा दाबला. आणि बाहेर येऊन अंगणात उभा राहून सांगितलं की आता वैनगंगेत उतरवली तरी एक थेंब आत जानार नाई. ताईनं मला त्या दिवशी कोंबडी केली होती. थेंब आत गेला नाही हे खरं. सगळे थेंब बाहेर आले. तेव्हा मी डोंगरात गोळे धुवायला लागून वर्षच झालं होतं, आणि उस्तादनं ते भोक काय असते हे सांगितलं नव्हतं की मीच ऐकलं नव्हतं, देव जाणे. आमच्याकडं विळा, कोयता, कुऱ्हाड, जे हलते ते लाखेनं बसवतात, जिथं भोक दिसते तिथं लाख जाते. हात आपोआप गेला.

"भाऊजी," मी म्हटलं, "हे मी बसवलं होतं."

"मले मालूम हाय. उजेड मीच तं धरला होता."

"याच्यानंच गेला गोळा. तुमच्या क्लचनं नाई."

उजेड थोडा हलला. "नक्की?"

"नक्की."

मग भाऊजी हसायला लागले. आवाज न करता, पाठीवर पडून, त्यांचं पोट हंड्याला लागत होतं आणि मोबाईलचा उजेड सगळीकडं नाचत होता. मला वाटलं आता बाहेर सरकतील आणि साऱ्या गावाला हाक मारतील. बाहेर ताई तांदूळ पाखडत होती, तिचे पाय आम्हाला दिसत होते. भाऊजींनी डोळे पुसले आणि हळू म्हणाले, "ठेव खिशात."

"सांगतो ना ताईले."

"कायले? माह्यावर रागावते तं संध्याकाळी भाकर वाढते. न्हाणीवरून तुह्यावर रागावली तं तू दोन वर्स तोंड दाखवलं नाई. तिनं दोन दिवाळ्या तुह्यासाठी अनारसे ठेवले डब्यात, बुरसेपर्यंत. ठेव खिशात. मले डाव्या बाजूनं बी रस्ता दिसते."

मी खुट्टी खिशात ठेवली. ती चार दिवस खिशात राहिली, बसलो की मांडीला टोचायची.

आणि तेव्हा तुझं स्वयंपाकघर आठवलं, ते आठवू नये म्हणून किती प्रयत्न केला. मी आठ-नऊ वर्षांचा आहे. चुलीवरच्या भाताच्या पितळी गंजाचं झाकण खडखड करते म्हणून मी त्याच्यावर वरवंटा ठेवला. झाकण गप्प झालं. मला वाटलं मोठं काम केलं. थोड्या वेळानं सगळी पेज उतू जाऊन चुलीत, चूल विझली, घरभर राख उडाली. तू आलीस, राखेत उभी राहिलीस आणि मारलं नाहीस. वरवंटा उचलला, झाकण जरा तिरपं केलं आणि म्हणाली, "वाफेले वाट ठेवाव लागते, बाबू. नाई तं चूल इझवते." पुढं मी पहिल्यांदा घर सोडून निघालो तेव्हा ताई दारात आडवी उभी राहिली होती. तू म्हणाली होतीस, "जाऊ दे वो त्याले. दाबून ठेवलं तं चूल इझवन." आणि आतून पिशवी आणून दिली. पिशवी आधीच भरलेली होती. चिवडा, माझे दोन सदरे, आणि मिलमधल्या मिस्त्रीनं टाकून दिलेला एक पाना, बारा-तेराचा, तू राखेनं घासून चमकवलेला. निघतो हे मी तुला सांगितलं नव्हतं. तो पाना इथी डोंगरात आहे, त्याच्याच जिवावर आत्तापर्यंत खाल्लं. वाफेचं एवढं तू मला शिकवलंस आणि मी जाऊन गाडीच्या गंजावर लाखेचा वरवंटा ठेवला.

चंद्रपूरहून बेरिंगं आणि सील आणायला भाऊजी एसटीनं गेले. मोठ्या चाकाचे दात वाचले होते, ताईनं हळू चालवली म्हणून, हे मी तिला सांगितलं आणि तिनं भाऊजींकडं पाहिलं. मग तो भाग आला जो मी कधी एकट्यानं केला नव्हता. लहान चाक किती आत बसवायचं हे एका पातळ चकतीवर असते, कागदाएवढा फरक पडला तरी गाडी आयुष्यभर रडते. दात कुठं घासतात हे डोळ्यानं दिसत नाही, म्हणून उस्ताद दातांना रंग लावतो. माझ्याकडं रंग नव्हता. ताईकडं शेंदूर होता, मारुतीचा.

"देवाचा शेंदूर गाडीले?" ताई म्हणाली.

"गाडीवर घर चालते ना तुमचं? मंग."

"देव उघडा पडन."

"उरलेला परत देतो."

शेंदूर तेलात कालवला, मोठ्या चाकाच्या दातांना बोटानं लावला आणि हातानं फिरवलं. डाग दाताच्या मुळाशी उमटला. लहान चाक जास्त आत गेलं होतं. सगळं परत काढायचं, बेरिंग परत उपसायची, चकती बदलायची. दुसऱ्यांदा डाग वरच्या काठावर. दुपार झाली होती, पाठ मोडली होती. मनात आलं, चालते, काठावर का होईना लागते ना. बोल्ट हातात घेतला होता. मान वर केली तर न्हाणीची भिंत समोर. ताई कोठीत होती, भाऊजी बाजेवर होते, पाहायला फक्त ती भिंत. मी बोल्ट खाली ठेवला. तिसऱ्यांदा दोन चकत्या जोडून घातल्या, एक जुनी, एक नवी. फिरवलं. डाग दाताच्या बरोबर मधोमध, लांबट गोल, तुझ्या कपाळावर असायचा तसा. दोन दातांत जागा वहीच्या दोन पानांएवढी, हाताला किंचित कट् लागते तेवढीच. मी भाऊजींना हाक मारली. भाऊजींनी ताईला हाक मारली. आम्ही तिघं त्या तेलकट गोळ्यात डोकी घालून शेंदराचा डाग पाहत राहिलो. ताई म्हणाली, "हे काय हाय मले समजत नाई, पर चांगलं दिसून राह्यलं."

वरच्या भोकाला नवी टोपी बसवली, हवा जाऊ देणारी. नव्वद नंबरचं तेल भरलं, बोटाला लागेपर्यंत. आणि चालवली. काय सांगू माय. चाळीसवर गेली, पन्नासवर गेली, आणि मागून काहीच नाही. टायरांचा खसखस आवाज, वारा, धानाच्या पेंढ्यांवरची पाखरं. इतके महिने ताई ओरडून बोलत होती, ती सवयीनं ओरडून म्हणाली, "आवाज बंद झाला," आणि स्वतःच दचकली. मंडईच्या दिवशी डाल्यात बावीस बाया बसवल्या, रपट्यावरून आणताना त्या गात होत्या आणि गाणं गावात आमच्याआधी पोचलं. ताईच्या सासरच्या एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, लग्नाचं पाहून राह्यला का रे. म्हटलं, आधी भिंत बांधतो. जिलेबी इतकी खाल्ली की शर्टाची बटणं चिकटली.

पण ताई अजून उजव्या बाजूला होती आणि भाऊजी डाव्या. आवाज बंद झाला म्हणून दोष थोडाच पुसला जातो. मंडईत लोक म्हणत, "साळ्यानं दुरुस्त करून देल्ली भाऊ, आता तरी मोडू नोको." भाऊजी म्हणत, "नाई जी, आता हातच नाई लावत." आणि मला ऊस सोलून देत. माझी वाहवा चालली होती सगळीकडं. वाहवा ऐकताना मी खिशात हात घालून उभा होतो.

परत निघायच्या दिवशी वडशाला सोडायला आले दोघं. स्टेशनबाहेर गाडी उभी केली. आत माझी रेल्वे लागली होती, हमाल सामान घेऊन पळत होते. मी पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेलो, परत आलो आणि ताईच्या खिडकीतून खुट्टी तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"गोळा याच्यानं गेला. मागच्या वर्षी मी बसवली होती. भाऊजीले चार दिवस झाले मालूम होऊन, त्याईनंच मले म्हटलं सांगू नोको."

ताईनं ती फिरवून पाहिली. लाखेवरच्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला, तो मोठा पडला की लहान पडला कोण जाणे. मग खिडकीतूनच मला वांग्याच्या रिकाम्या थैलीनं हाणलं, दोनदा, आणि दुसऱ्या फटक्याला तिला हसू आलं. भाऊजी समोर काचेत पाहत होते, जसं काही त्यांचा संबंधच नाही. ताई खाली उतरली. कमरेची चाबी काढली. गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेली आणि म्हणाली, "सरका. का आता हातानं उचलून बसवू?"

भाऊजी सरकले. सीट मागं घेतली, पुन्हा जरा पुढं. आरसा पुसला. आरसा कितीतरी वेळ फिरवला. ताई थैली मांडीवर घेऊन बसली होती. मग त्यांनी क्लच असा सोडला की गाडी कधी हलली ते कळलं नाही. मी कान देऊन उभा. येताना ती गाडी दिसायच्या आधी ऐकू आली होती. जाताना दिसत होती अजून, वळणापर्यंत पूर्ण दिसत होती, पण ऐकू येत नव्हती.

माझी रेल्वे चालू झाली होती, मी पळत जाऊन शेवटच्या डब्याला लटकलो. खुट्टी ताईनं परत दिली नाही. फोनवर म्हणाली की न्हाणीच्या भिंतीवर ठेवली आहे, भिंत पुरी कर आणि घेऊन जा. होळीला जातो म्हणून सांगितलं आहे. खरंच जाणार आहे, उस्तादला विचारून ठेवलं.

हे पत्र कुठं टाकायचं ते नाही, म्हणून घडी करून पान्याच्या पेटीत ठेवतो, तुझ्या बारा-तेराच्या खाली. फक्त एक राहिलं. फोनवर ताई सगळ्यांना सांगते की माह्या भावानं मोठ्या मनानं कबूल केलं. भाऊजींनाही तसंच वाटते. तसं नाही, माय. चार दिवस माझ्याजवळ होते आणि मी गप्प होतो. सांगितलं ते रेल्वे फलाटाला लागली होती म्हणून, दार उघडं दिसत होतं म्हणून. पळायला वाट होती, तेव्हाच तोंड उघडलं.